कोण कुणाच्या दारी

१२ जानेवारी २०२५ च्या पहाटे इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेतले दोन उपग्रह एकमेकांपासून १५ मीटरवर आले, मग ३ मीटरवर आले आणि तिथून मागे सरकले. ३ मीटर म्हणजे चाळीतल्या खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. प्रत्येकी सुमारे २२० किलोंची ती दोन खोकी सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगानं पृथ्वीभोवती पडत होती, आणि एकमेकांच्या हिशेबात मात्र जवळजवळ स्थिर उभी होती. त्याआधी त्यांच्या जोडणीचे ७ आणि ९ जानेवारीचे मुहूर्त हुकले होते. दुसऱ्या वेळी उपग्रह अपेक्षेपेक्षा जास्त सरकत गेले म्हणून. त्यामुळे १२ तारखेची माघार अनेकांना अपयश वाटली. ती तशी नव्हती. ५ किलोमीटर, दीड किलोमीटर, ५०० मीटर, २२५, १५, ३ अशा प्रत्येक टप्प्यावर थांबायचं, मोजायचं आणि मनासारखं नसेल तर परतायचं, हाच तर डॉकिंगचा, म्हणजे अवकाशात दोन यानं जोडण्याचा, अर्धा धडा. १६ जानेवारीला जोड बसला आणि सोव्हिएत संघ, अमेरिका, चीन यांच्यानंतर आपलं नाव लागलं.

माझ्या मनात मात्र रुतून बसला तो एक शब्द. इस्रोनं मोहिमेच्या माहितीत या जोडीची ओळख करून देताना म्हटलं होतं: एसडीएक्स-०१ हा 'चेसर', म्हणजे पाठलाग करणारा, एसडीएक्स-०२ हा 'टार्गेट', आणि हे सगळं 'नॉमिनली'. इंजिनिअरच्या तोंडी नॉमिनल म्हणजे ठरल्याबरहुकूम. व्यवहारात त्याचाच अर्थ नावापुरतं. दोन्ही उपग्रहांवरची जोडयंत्रणा तंतोतंत सारखी, ४५० मिलिमीटर व्यासाची. चेसरवरची टार्गेटवर लावली तरी काही बिघडू नये अशी. मग एकाला शिकारी आणि दुसऱ्याला सावज म्हणायचं कशाला? आणि म्हणायचंच, तर मागे 'नावापुरतं' अशी सारवासारव कशाला?

या सारवासारवीला अर्ध्या शतकाचा इतिहास आहे.

हार्डवेअरच्या दुकानात जोडाचे दोन प्रकार मिळतात, मेल आणि फीमेल. नळाचा आटा असो की विजेची पिन, एकानं आत जायचं, दुसऱ्यानं घ्यायचं. अवकाशातला जोडही असाच सुरू झाला. अपोलो काय, सोयुझ काय, पुढच्या टोकाला एक दांडा आणि समोरच्या यानावर आत निमुळता होत गेलेला शंकू. दांड्याचं टोक शंकूच्या भिंतीवर घसरत तळाशी जातं, तिथे खिट्टी पडते, मग दांडा मागे ओढून दोन्ही यानं कडेला कडं लागेपर्यंत जवळ आणायची आणि आकडे लावून घट्ट करायची. हलकी, साधी रचना. पण यंत्रात दोन खोडी. एक म्हणजे जोड झाल्यावर यंत्र नेमकं वाटेच्या मध्ये बसतं. अपोलोत ते हातानं सोडवून बाजूला काढावं लागे, तेव्हा माणूस पलीकडे जाई. दुसरी, सगळा भार त्या एका टोकावर. अपोलो १४ चंद्राकडे निघालं तेव्हा खिट्टी पडेचना. पाच प्रयत्न फुकट गेले, सहाव्याला जमलं. त्याच वर्षी, एप्रिल १९७१ मध्ये, सोयुझ १० चा दांडा साल्यूत स्थानकाच्या शंकूत अडकला, पण घट्ट जोड होईना, आणि तिघं अंतराळवीर स्थानकात पाऊल न टाकता परतले. तिसरी खोड यांत्रिक नव्हे, पण सगळ्यांत मोठी. दांडा असलेली दोन यानं एकमेकांना कधीच जोडता येत नाहीत. एक सोयुझ अडचणीत सापडलं तर दुसरं सोयुझ शेजारी जाऊन नुसतं बघत बसणार.

१९७० च्या ऑक्टोबरात नासाचं मंडळ मॉस्कोला गेलं ते हेच दुखणं घेऊन. जोड सारखा असेल तर एकमेकांची माणसं वाचवता येतील, हा कागदावरचा हेतू, आणि तो खराच होता. पण कागदावर न येणारा प्रश्नही टेबलावर होताच. शीतयुद्ध चालू असताना दोन महासत्तांपैकी शंकू कुणी व्हायचं? कोण कुणाच्या दारी जाणार? आपल्याकडे लग्नात सीमांतपूजन कुणी करायचं यावरून दोन शहाणी घरं रुसतात, इथे तर रॉकेटवाली घरं. तांत्रिक कारण खरं की मानपानाचं, असा वाद इतिहास लिहिणाऱ्यांत चालतो. मला तो फोल वाटतो. दोन्ही कारणांना एकच औषध लागू पडलं, म्हणून तर ते इतक्या लवकर बनलं.

औषध म्हणजे व्लादिमिर सिरोम्यात्निकोव्ह यांच्या हाताखाली घडलेलं कडं. रशियन नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला आपास-७५ म्हणतात. मधला दांडा नाही, मधला शंकू नाही. सगळं काम कडेला, त्यामुळे मधली वाट मोकळी. दोन्ही यानांवर एकसारखं कडं, कड्यावर १२० अंशांच्या अंतरानं बाहेर कललेल्या तीन पाकळ्या. दोन कडी समोरासमोर आली की एकाच्या पाकळ्या दुसऱ्याच्या फटींत बसतात, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तशा. पाकळ्यांवरच्या खिट्ट्या पलीकडचं अंग पकडतात, धक्का जिरवणारी यंत्रणा उरलेलं डोलणं शोषून घेते, कडं सरळ होतं, मागे ओढलं जातं, रबरावर रबर टेकतं, आणि मग आकडे. अमेरिकेच्या पहिल्या आराखड्यात चार बोटं होती, सोव्हिएत बाजूनं तीन सुचवली, तीन ठरली. धक्का कसा जिरवायचा यावर मात्र एकमत झालं नाही. अमेरिकनांना तेलाचे शॉक-अ‍ॅब्सॉर्बर हवे होते, सोव्हिएतांना गिअर आणि विजेचे ब्रेक. तोडगा असा निघाला की ज्यानं त्यानं आपल्या पोटात काय हवं ते ठेवावं, फक्त जिथे दोघं एकमेकांना शिवतात तेवढी मापं सारखी असावीत. मला या सगळ्या कहाणीत सर्वांत शहाणी वाटते ती ही अट. पोटात शिरायला गेले असते तर करार दहा वर्षं रखडला असता. त्या गुप्ततेच्या काळात कोणी कुणाला आपलं पोट दाखवणार नव्हतंच.

पण गंमत बघा. दोन्ही कडी सारखी असली तरी जोडताना एक कडं पुढे काढलेलं लागतं आणि दुसरं मागे घेतलेलं. दोन्ही मागे असतील तर पकड बसत नाही. आपल्या रेल्वेच्या एलएचबी डब्यांना जो सीबीसी कपलर असतो त्याचंही तसंच आहे. दोन्ही डब्यांची मूठ एकाच साच्यातली, कुठला डबा कुठल्या टोकानं आला याची पंचाईत नाही. तरी दोन मुठींपैकी निदान एक उघडी असावीच लागते. दोन्ही मिटलेल्या असतील तर डबे नुसते धडकतात.

म्हणजे पुढाकार कुणाला तरी घ्यावाच लागतो. करारात एवढंच ठरवता आलं की तो पाळीपाळीनं घ्यायचा. १९७२ च्या करारानं ठरलेल्या अपोलो-सोयुझ भेटीत, १७ जुलै १९७५ ला, पहिल्या जोडणीत अपोलोचं कडं पुढे होतं, सोयुझचं मागे. १९ जुलैला दोन्ही यानं सुटी झाली आणि पुन्हा जोडली गेली, त्या वेळी सोयुझचं कडं पुढे. या दुसऱ्या जोडणीत अपोलोचा एक थ्रस्टर, म्हणजे यान वळवणारं छोटं इंजिन, चुकून पेटला, दोन्ही यानं वाकडी डोलली आणि सिरोम्यात्निकोव्हच्या यंत्राची खरी परीक्षा त्या वेळी झाली. जगाला मात्र आठवतो तो पहिल्या दिवशीचा, अपोलोचे प्रमुख स्टॅफर्ड आणि सोयुझचे प्रमुख लिओनोव्ह यांचा हस्तांदोलनाचा फोटो.

त्या हस्तांदोलनामागे हवेचं एक किचकट गणित होतं. अपोलोत शुद्ध ऑक्सिजन, दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश. सोयुझमध्ये आपण घेतो तशी हवा, पूर्ण दाबाची. दार उघडून सरळ सोयुझमधून अपोलोत गेलं तर रक्तात विरघळलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपानं बाहेर येतो, पाणबुड्यांना होतो तोच सांधे जखडणारा विकार. म्हणून मध्ये सुमारे दोन टनांची एक नळकांडी खोली लागली, अपोलोनं वर नेलेली, जिच्यात हवा बदलता येई. तरीही प्रत्येक फेरीआधी सुमारे दोन तास शुद्ध ऑक्सिजन ओढत बसावं लागलं असतं. मग सोव्हिएत बाजूनं सोयुझमधला दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरवरून ५२० पर्यंत उतरवायचं मान्य केलं. ऑक्सिजनमध्ये भडकणार नाही असं नवं कापडही आपल्या माणसांच्या पोशाखांसाठी विणलं. कोण झुकलं म्हणायचं? आकड्यांत पाहिलं तर सोव्हिएत झुकले. वजनात पाहिलं तर खोली वाहून नेणारे अमेरिकन. भाषेत दोघंही, कारण प्रत्येकानं समोरच्याच्या भाषेत बोलायचं ठरलं होतं. ओक्लाहोमाचा हेल लावून स्टॅफर्ड बोलत त्या रशियनला लिओनोव्ह 'ओक्लाहोम्स्की' म्हणत.

त्यानंतर वीस वर्षं ते कडं जवळजवळ बेकार. सोव्हिएतांनी त्याची पुढची आवृत्ती, आपास-८९, आपल्या 'बुरान' शटलसाठी केली. बुरान १९८८ मध्ये एकदाच उडालं, माणसाविना. त्यांच्या मीर या अवकाश स्थानकाला बुरानसाठी केलेलं दार नवऱ्याची वाट पाहत राहिलं, आणि २९ जून १९९५ ला त्या दारी आलं अमेरिकेचं अटलांटिस शटल. जोडयंत्रणा रशियाकडून विकत घेतलेली. तो जोड सेकंदाला ३ सेंटिमीटरच्या आसपास वेगानं लागला आणि दोन्ही मिळून २०० टनांच्या वरचा पसारा एकजीव झाला. मुंगीच्या चालीनं येणंही या यंत्राला सोसत नसे. खिट्ट्या पडायला थोडा जोर लागतोच, म्हणून शटल टेकल्या टेकल्या थ्रस्टर पेटवून मागून हलकासा रेटा देई. इस्रोचे उपग्रह आले ते सेकंदाला १० मिलिमीटरच्या हिशेबानं. इतक्या सावकाश येणाऱ्याला धक्क्याचा उपयोग नाही, तिथे मोटरनं चालणाऱ्या पकडी लागतात. मोठ्या मानवी यानांवरच्या सहा पायांच्या यंत्रणेत २४ मोटर असतात, इस्रोनं दोनांत भागवलं, असं इस्रोच सांगते. ऐकायला छान आहे, पण त्या २४ मोटर उगाच नसतात. माणसं बसलेलं कित्येक टनांचं यान थोडं तिरकं आलं तर ते सहा पाय प्रत्येकी वेगळे हलून ते तिरकेपण पचवतात. एकाच दिशेनं पुढेमागे होणाऱ्या कड्याला ते जमणार नाही. छोट्यावर शिकून मोठं करायचं, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

अटलांटिस मीरच्या दारी गेलं त्याच्या आधीची दोन वर्षं आपल्याही खात्यात जमा आहेत. हे सहसा कोणी सांगत नाही. २३ जून १९९३ ला अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात अवकाश स्थानक रद्द करायचा प्रस्ताव आला आणि २१५ विरुद्ध २१६, एका मतानं पडला. स्थानक वाचवायचं तर भागीदार हवा होता, आणि सोव्हिएत संघ मोडल्यावर पगाराविना बसलेले रशियन रॉकेटतज्ज्ञ भलत्या देशांच्या हाती लागू नयेत ही काळजी होतीच. त्या भलत्या देशांच्या यादीत आपण होतो. ग्लावकोसमॉस या रशियन अवकाश संस्थेनं इस्रोला क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड इंधनावर चालणारी, इंजिनं आणि ती बनवायचं तंत्र द्यायचं ठरवलं होतं. त्यावरून मे १९९२ मध्ये अमेरिकेनं दोघांवरही निर्बंध घातले. जुलै १९९३ मध्ये रशियानं तंत्र देण्यातून अंग काढलं, क्षेपणास्त्रांचा प्रसार रोखणारे नियम पाळायची हमी दिली, आणि सप्टेंबरात अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष गोर आणि रशियाचे पंतप्रधान चेर्नोमिर्दिन यांनी एकत्र स्थानकाच्या, म्हणजे आजच्या आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या, निवेदनावर सह्या केल्या. आपल्या वाट्याला तयार सात इंजिनं आली, तंत्र नाही. स्वतःचं क्रायोजेनिक इंजिन २०१० च्या एप्रिलमध्ये उडवलं ते फसलं. यश आलं ५ जानेवारी २०१४ ला. मधली वीस वर्षं म्हणजे त्या स्थानकाच्या दाराला आपण दिलेली वर्गणी, असं मला कायम वाटत आलं आहे. पावती मात्र मिळाली नाही.

स्थानकाची कक्षाही त्याच सौद्यातली. विषुववृत्ताशी तिचा कल ५१.६ अंश. रशियाचा प्रक्षेपणतळ बैकोनूर ४६ अंश अक्षांशावर. तिथून सरळ पूर्वेला सोडलं तर रॉकेटचे जळके टप्पे चीनच्या हद्दीत पडतील, म्हणून रशिया जरा उत्तरेकडे तोंड करून सोडतो, आणि तोच कल स्थानकाला चिकटला. फ्लोरिडाहून सरळ पूर्वेला गेलं तर २८.५ अंश मिळतात. त्यापेक्षा तिरकं जायचं तर पृथ्वीच्या फिरण्याची फुकटची मदत कमी होते आणि शटलच्या पोटातलं काही टन सामान खाली ठेवावं लागतं. ते भरून काढायला नासानं इंधनाची बाहेरची टाकी अ‍ॅल्युमिनियम-लिथियमची करून सुमारे साडेतीन टन वजन घटवलं. ती १९९८ मध्ये पहिल्यांदा उडाली. एक राजनैतिक सही कितीला पडते, याचं इतकं किलोतलं उत्तर क्वचितच मिळतं.

२०१० मध्ये स्थानकाच्या भागीदारांनी जोडाची मापं जाहीर करून टाकली. कुणीही वाचावीत, त्यानुसार कडं बनवावं. आपासच्याच घराण्यातली, पण पाकळ्या आता आत वळलेल्या आणि आकड्यांच्या बारा जोड्या. जुन्या दाराला नवं कडं लावायचं तर मध्ये एक जोडतुकडा हवा. पहिला तुकडा २८ जून २०१५ ला फाल्कन रॉकेटबरोबर फुटला, दुसरा २०१६ मध्ये पोचला, तिसरा २०१९ मध्ये. एवढा खटाटोप झाल्यावर कुणालाही वाटावं की आता सगळं सगळ्यांना बसतं. मग २०२४ च्या जूनमध्ये बोइंगचं स्टारलायनर यान आलं. येता येता त्याच्या २८ छोट्या थ्रस्टरपैकी पाच रुसले, चार पुन्हा सुरू झाले, आणि अडीच महिने खल करून नासानं ते यान रिकामं परत पाठवलं. त्यातून आलेल्या सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर यांना स्पेसएक्सच्या ड्रॅगन यानातून आणायचं ठरलं. ड्रॅगन स्थानकाला बसत होतं, स्टारलायनरही बसत होतं. बसत नव्हते ते पोशाख. बोइंगच्या सूटची हवेची, संपर्काची नळी ड्रॅगनच्या खुर्चीला लागत नाही. नवीन ड्रॅगन येईपर्यंतच्या दिवसांत स्थानक सोडायची वेळ आलीच असती, तर त्या दोघांनी जुन्या ड्रॅगनमध्ये सामानाच्या जागी, फोमच्या गाद्यांवर, सूटाविना उतरायचं, अशी सोय केलेली होती.

दाराची चौकट जुळवताना कुणाला बोटभर नळीची आठवण झाली नाही.

आणि एक दार आहे जे मापानं जवळपास जुळतं, तरी कुणी ठोठावत नाही. चीनचं शेनचौ यान २०११ मध्ये थ्येनकुंग या चीनच्याच अवकाश प्रयोगशाळेला जोडलं गेलं तेव्हा जाणकारांनी त्याच्या कड्याकडे पाहिलं आणि ओळखलं. आत वळलेल्या तीन पाकळ्या, मध्ये ८०० मिलिमीटरची वाट, घराणं आपासचंच. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसनं, फ्रँक वुल्फ या सदस्याच्या आग्रहानं, नासाच्या खर्चाच्या कायद्यात एक कलम घातलं. काँग्रेसच्या खास परवानगीविना नासानं चीनशी द्विपक्षीय व्यवहारावर पैसा खर्चायचा नाही. खर्चाचं विधेयक दरसाल नवं होतं, त्यात हे कलमही दरसाल नव्यानं येतं. गंमत म्हणजे १९७२ मध्ये ब्रेझनेव्हच्या रशियाशी जे चाललं ते आता चालत नाही. कारणं आहेत, तंत्र चोरीला जाण्याची भीती निराधार नाही. पण १९७२ मध्ये ती कमी होती असं कोण म्हणेल? फरक इतकाच दिसतो की तेव्हा दोघांना एकमेकांसमोर उभं राहून फोटो हवा होता.

नोव्हेंबर २०२५ मध्ये शेनचौ-२० च्या खिडकीला बारीक तडे गेले, अवकाशातल्या कचऱ्याच्या तुकड्यानं, असा अंदाज. त्यातले तिघं मग दुसऱ्या तुकडीच्या शेनचौ-२१ मधून १४ तारखेला उतरले, आणि मागे राहिलेले तिघं २५ तारखेला नवं रिकामं यान सुटेपर्यंत परतीच्या भरवशाच्या वाहनाविना राहिले. तेव्हा अनेकांनी विचारलं, शेजारचं स्थानक मदतीला गेलं असतं का? कायदा बाजूला ठेवला तरी नाही. चीनच्या आताच्या थ्येनकुंग स्थानकाचा कल ४१.५ अंश, आंतरराष्ट्रीय स्थानकाचा ५१.६. हे दहा अंश वळायला, दोन्ही कक्षांची छेदरेषा नशिबानं जुळली तरी, सेकंदाला सुमारे १.३५ किलोमीटरचा वेग लागतो. या स्थानकांवर माणसं नेणाऱ्या कुठल्याच कुपीत तेवढं इंधन नसतं. तेव्हा सुटकेच्या नावानं मापं जुळवायची तर कड्याआधी कक्षा जुळवाव्या लागतील, आणि कक्षा कशा ठरतात ते वर आलंच आहे.

२६ जून २०२५ ला शुभांशु शुक्ला ज्या दारातून स्थानकात शिरले ते हार्मनी कक्षाचं वरचं, आकाशाकडे तोंड असलेलं दार. २०१९ मध्ये पोचलेला तो तिसरा जोडतुकडा तिथेच आहे. यान अमेरिकी कंपनीचं, तिकीट आपलं. आता २०३५ पर्यंत आपलं स्थानक व्हायचं आहे, पहिला भाग २०२८ पर्यंत. त्याच्या दाराची मापं तीच जाहीर मापं असावीत, अभिमानाखातर वेगळी नसावीत, आणि त्याची कक्षा ठरवताना कोण कोण येऊ शकेल याचा विचार आत्ताच व्हावा. यावर संसदेत कुणी प्रश्न विचारला तर तो मला इंजिनाच्या जोरावरच्या प्रश्नापेक्षा महत्त्वाचा वाटेल.

राहता राहिला तो 'नॉमिनली'. १३ मार्च २०२५ ला ते दोन उपग्रह पुन्हा सुटे झाले. त्या दिवशी जाहीर झालेला क्रम जोडणीच्या बातमीइतका कुणी वाचला नसेल. आधी एसडीएक्स-०२ चं कडं पुढे आलं, म्हणजे 'टार्गेट' म्हटलेल्याचं. मग तिसरी पकड सैल झाली, मग एसडीएक्स-०२ चीच पकड सुटली. आणि शेवटचा, सोडून देण्याचा हुकूम दोन्ही उपग्रहांना दिला गेला.